मशीनमधल्या मेणात काय घालावं, काय घालू नये

पेशंटच्या टिश्यूचे तुकडे तपासणाऱ्या, विदर्भातल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमधल्या टेक्निशियननं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, मे महिन्यात आमच्याकडे धड रिबन येत नाही, सेक्शन चुरगळतात. एका जुन्या सरांनी पॅराफिनमध्ये 5 टक्के मधमाशीचं मेण घालायला सांगितलं. फिरत्या मशीनच्या शेवटच्या वॅक्स बाथमध्ये पाव किलो घातलं आहे, अजून थोडं शिल्लक आहे. पुढच्या महिन्यात बंद पद्धतीचा व्हॅक्यूम प्रोसेसर येतोय. त्यात घातलं तर चालेल का? डीएमएसओ नावाचं रसायन घातलं की मेण टिश्यूत लवकर शिरतं असंही वाचलं. तेही घालू का?"

या कामात नव्या असलेल्यांसाठी एवढंच: टिश्यूतलं पाणी अल्कोहोलनं काढतात, अल्कोहोल झायलीननं काढतात आणि मग वितळलेलं पॅराफिन आत भिनवतात; हे काम प्रोसेसर मशीन करतं. मग टिश्यूभोवती मेण ओतून ब्लॉक करतात, त्याला एम्बेडिंग म्हणतात. मायक्रोटोम या यंत्राच्या पातीनं ब्लॉकचे पातळ काप, म्हणजे सेक्शन, घेतात; ते सलग जोडून आले की रिबन.

आधी उत्तर देते, कारणं नंतर. नव्या मशीनमध्ये हातानं काहीही मिसळू नका. मधमाशीचं मेण नको, रबर नको, डीएमएसओ तर अजिबात नको. डब्यावर "टिश्यू प्रोसेसरसाठी" असं लिहिलेलं असतं अशी, आतली भर कारखान्यातच मिसळलेली पेलेट, म्हणजे मेणाचे दाणे, आणा आणि मशीनमध्ये फक्त तीच घाला. स्वतःचा प्रयोग करायचाच असेल तर ब्लॉक ओतताना करा. तिथं चूक झाली तर एक ब्लॉक पुन्हा वितळवावा लागतो. मशीनमध्ये झाली तर रात्रभराचा सगळा माल अडकतो.

आता जरा सविस्तर.

तुमच्या सरांनी चुकीचं काही सांगितलं नाही, त्यांच्या काळासाठी ते बरोबरच होतं. साधं पॅराफिन थंड होताना त्याचे मोठे स्फटिक बनतात. घरी तूप कढवून हळूहळू निवू दिलं की छान रवाळ होतं, तसंच. तुपाला आपण रवा मागतो, ब्लॉकला मात्र रवा नको असतो. स्फटिक मोठे झाले की मेण ठिसूळ होतं, टिश्यूला चारी बाजूंनी नीट धरून ठेवत नाही, आणि पाती लागली की सेक्शन फाटतो. मधमाशीचं मेण, सेरेसीन, मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स, रबर, पुढे आलेले प्लास्टिकचे पॉलिमर या सगळ्या भरी बहुतेक एकाच कामासाठी आल्या: स्फटिक बारीक करायचे, मेणाला थोडा चिवटपणा आणायचा, रिबन सलग यायला मदत करायची. हे सगळं पातीखालचं काम आहे. टिश्यूच्या आत मेण शिरण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. म्हणून मी म्हणते, गरज ज्या टेबलावर आहे तिथं भर द्या.

सरांच्या वेळी मेण हातानं ओतायचं, पातेल्यात ढवळायचं, डोळ्यांनी बघायचं. फिरत्या मशीनमध्येही टिश्यूंची बास्केट उचलून दुसऱ्या बीकरमध्ये बुडते, मेण आपल्या जागी उभं असतं. त्यात खाली काही बसलं तरी मशीनला पत्ता लागत नाही. बंद प्रोसेसरमध्ये उलटं आहे. तिथं टिश्यू रिटॉर्टमध्ये, म्हणजे एका बंद भांड्यात, जागच्या जागी बसतो आणि मेण प्रवास करतं: टाकीतून नळीत, नळीतून व्हॉल्व्हमध्ये, व्हॉल्व्हमधून रिटॉर्टमध्ये, आणि त्याच वाटेनं परत. ही वाट अरुंद आहे, आणि तिच्यावरचा प्रत्येक इंच सारखा गरम नसतो. मिश्रणातला जो घटक जास्त तापमानाला गोठतो, तो त्यातली सगळ्यात गार जागा शोधून तिथं बसतो.

मी हे एकदा स्वतः भोगलं आहे. लॅबचं नाव सांगत नाही. आम्ही बाथ 60 अंशांवर ठेवायचो. मधमाशीचं मेण वितळतं साधारण 62 ते 64 अंशांना. गरम पॅराफिनमध्ये ते विरघळतं, पण ढेकूळ असेल तर सावकाश, आणि सावकाश म्हणजे तासन्‌तास. संध्याकाळच्या पाळीतल्या मुलानं अक्रोडाएवढे चार-पाच तुकडे तिसऱ्या टाकीत टाकले, झाकण लावलं आणि प्रोग्रॅम सुरू करून घरी गेला. सकाळी मी आले तेव्हा अलार्म वाजून वाजून थकला होता. स्क्रीनवर एकच ओळ: रिटॉर्ट रिकामा होत नाही. झाकण उघडलं तर वर पिवळसर मेण, आत दोन बास्केट, त्यात त्या दिवशीचे सगळे पेशंट. व्हॅक्यूमनं ओढलेला एक तुकडा निचऱ्याच्या तोंडाशी अडकला होता, आणि त्याच्यामागे बाकीचं मेण दाटून बसलं होतं.

अशा वेळी पहिला हात मेन स्विचकडे जातो. तो आवरा. रिटॉर्टची हीट चालू राहिली पाहिजे. गरम मेणात बुडालेला टिश्यू तासभर जास्त राहिला तर थोडा कडक होईल, पण वाचेल. मशीन बंद करून सगळं रिटॉर्टमध्येच गोठवलंत तर मात्र कॅसेटही (टिश्यू ठेवायच्या छोट्या डब्या) अडकतात आणि मशीनही. आधी दाब किंवा व्हॅक्यूम सुटल्याची खात्री करायची, चष्मा आणि जाड हातमोजे घालून झाकण उघडायचं, बास्केट उचलून ओव्हनमधल्या ताज्या वितळलेल्या मेणात ठेवायची, आणि मग इंजिनिअरला फोन. आम्ही तसंच केलं. एकही केस गेली नाही. मशीन मात्र चार दिवस उघडं पडलं होतं, आणि वॉरंटीत हे बसत नाही हे बिल आल्यावर कळलं.

चोंदणं हा उघड दिसणारा त्रास झाला. न दिसणारे दोन त्रास जास्त छळतात. रिटॉर्टमध्ये पातळी मोजणारे सेन्सर असतात. त्यांच्यावर चिकट थर बसला की मशीनला रिकामं रिटॉर्ट भरलेलं वाटतं किंवा भरलेलं रिकामं. दुसरा त्रास सफाईचा. क्लीनिंग सायकल झायलीन आणि अल्कोहोलवर चालते, आणि साधं पॅराफिन झायलीनमध्ये सहज विरघळतं. रबर झायलीनमध्ये फुगतं आणि लगद्यासारखं होतं. मेणबत्तीवाले मेण कडक करायला पॉलिथिनची पूड वापरतात. ते कोणी स्वस्तात मिळालं म्हणून आणलं तर लक्षात ठेवा, पॉलिथिन गार झायलीनमध्ये विरघळतच नाही, त्याला फार वर तापवावं लागतं. म्हणजे तुम्ही रोज सायकल चालवत राहाल आणि थर वाढत राहील. मेणबत्तीच्या मेणात स्टिअरिक ॲसिडही असतं, ते वितळतं 69 अंशांच्या आसपास. बाजारातलं मेणबत्तीचं मेण लॅबच्या मशीनमध्ये घालणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहावं लागतंय.

स्टिअरिक ॲसिडवरून एक आठवलं. मधमाशीच्या मेणातही मोकळी फॅटी ॲसिडं असतात, आणि ती तांब्या-पितळेला लागतात. तुमच्याकडे पितळी एल-मोल्ड, म्हणजे ब्लॉक ओतायचे साचे, असतीलच. मधमाशीचं मेण घातलेलं पॅराफिन त्यात रोज ओतलंत की काही आठवड्यांनी कोपऱ्यांत हिरवट झाक दिसायला लागते. आमच्या जुन्या लॅबमध्ये असं मिश्रण पितळी पातेल्यात गरम ठेवायचे, त्याचा तळ पोपटी झाला होता. कुठल्याही मशीनच्या वाटेवर तांबं-पितळ असेल तर तेच तिथं होणार.

आणि तुमच्या पाव किलोचा हिशेब. फिरत्या मशीनचा बाथ दीड-दोन लिटरचा असतो. वितळलेलं पॅराफिन पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे 1.8 लिटरच्या बाथमध्ये मेण भरतं साधारण 1.4 किलो. त्यात तुम्ही 250 ग्रॅम घातलंत. हे 5 टक्के होत नाही, 15 टक्के होतं. सरांनी सांगितलेलं प्रमाण वजनाचं होतं, तुम्ही बहुतेक अंदाजानं घातलंत. शिवाय ते आणलंत कुठून? काष्ठौषधीच्या दुकानातून असेल तर गंमत अशी की मधमाशीच्या मेणात सगळ्यात जास्त भेसळ होते ती पॅराफिनचीच. म्हणजे नक्की किती टक्के काय पडलं हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही सांगता येणार नाही.

आता डीएमएसओ, म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड. तुम्ही वाचलं ते पूर्ण खोटं नाही. पॅराप्लास्ट प्लससारख्या तयार मेणात ते थोड्या प्रमाणात असतं आणि मेण लवकर भिनावं म्हणूनच घातलेलं असतं. पण ते कारखान्यात, ठरलेल्या प्रमाणात, बाकी घटकांबरोबर मिसळलेलं असतं. तुम्ही बाटलीतून ओतलंत तर काय होईल? ते पॅराफिनमध्ये नीट मिसळतच नाही. त्याची घनता पाण्यापेक्षाही थोडी जास्त, मेणाची पाण्यापेक्षा कमी. ते सरळ तळाशी जाऊन बसेल, आणि टाकीचा निचरा तळातूनच होतो. शिवाय ते पाणी ओढून घेतं. म्हणजे अल्कोहोलमधून मेहनतीनं पाणी काढायचं आणि मेणात पुन्हा पाण्याची सोय करायची.

सुरक्षिततेच्या बाजूनं ते मला सगळ्यात नावडतं. शुद्ध डीएमएसओ कातडीतून झपाट्यानं आत जातं, हातावर सांडलं तर थोड्या वेळानं तोंडात लसणासारखी चव येते. एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पण जाताना ते आपल्यात विरघळलेलं दुसरं काहीही बरोबर नेतं. लॅबच्या टेबलावर, हातमोज्यावर काय काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. तयार मेणात त्याचं प्रमाण कमी असतं, तरी वितळलेल्या मेणात बोट घालून कॅसेट काढायची सवय असेल तर ती मोडा. थंडीत बाटलीतलं डीएमएसओ गोठलेलं दिसलं तर घाबरू नका, ते 18.5 अंशांनाच गोठतं. पण ती बाटली वितळवायला वॅक्स ओव्हनमध्ये ठेवू नका.

आगीबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या गावाच्या हवेत त्याला वेगळा अर्थ आहे. झायलीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो अंश, साधारण 25 ते 32 अंशांच्या दरम्यान आहे. मे महिन्यात तुमच्या लॅबमध्ये एसी बंद पडला तर खोलीच त्याच्या वर गेलेली असते. पहिल्या वॅक्स बाथमध्ये झायलीन येऊन येऊन साठतं. असं मेण "गाळून परत वापरू" म्हणून साध्या हॉट एअर ओव्हनमध्ये उघड्या भांड्यात ठेवणं धोक्याचं आहे. आत वाफ भरते, आणि थर्मोस्टॅटच्या ठिणगीला तेवढं पुरतं. गॅसवर पातेलं ठेवून मेणात मेण मिसळणं तर नकोच. मिसळायचं असेल तर ताजं, झायलीन न लागलेलं मेणच, आणि तेही पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून. मेणानं पेट घेतला तर पाणी मारू नका. झाकण टाका, हीट बंद करा, कोरड्या पावडरचं सिलिंडर हाताशी असू द्या. हातावर गरम मेण सांडलं तर लगेच नळाखाली धरा आणि चिकटलेलं मेण ओढून काढू नका, खालची कातडी बरोबर येते.

मूळ त्रासाकडे यायचं तर मला शंका आहे की तुमचा दोष मेणात नाहीच. रिबन येत नाही असं कोणी म्हटलं की मी आधी ब्लॉक हातात घेते. पातीनं टिश्यू उघडा करते आणि त्याच्यावर नखाचं टोक दाबते. टिश्यू आजूबाजूच्या मेणाएवढाच घट्ट लागला तर प्रोसेसिंग ठीक आहे, दोष मेणाचा, पातीचा किंवा तापमानाचा. नख आत रुतलं, ओलसर वाटलं, टिश्यू मेणापेक्षा खोल बसलेला दिसला, तर पाणी राहिलं आहे. टिश्यू टिकवणारं फॉर्मॅलिन कमी पडलं असेल, तुकडे जाड कापले असतील, अल्कोहोल थकलं असेल. आपल्याकडे इथेनॉलला एक्साइजचा परवाना लागतो, म्हणून बहुतेक लॅब आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, वापरतात. ते उत्तम चालतं, पण स्वस्त म्हणून एकच बाटली आठवडे ताणली तर नाही. मग ब्लॉक नाकाशी नेते. झायलीनचा वास आला तर मेण संपृक्त झालं आहे. असं मेण मऊ पडतं आणि चुरतं, अगदी तुम्ही सांगितलंत तसं. अशा मेणात कितीही मधमाश्या आणून घातल्या तरी फरक पडायचा नाही.

त्यावर उपाय साधा आहे. पहिला वॅक्स बाथ टाकून द्या, दुसरा पहिल्याच्या जागी, तिसरा दुसऱ्याच्या, शेवटी ताजं मेण. किती बास्केटनंतर हे करायचं ते तुमच्या कामाच्या भारावर ठरवा आणि भिंतीवर लिहून ठेवा. स्तनाचे, चरबीचे नमुने जास्त येत असतील तर लवकर.

हे सगळं तपासून झालं, दोष निघाला नाही आणि त्रास फक्त उन्हाळ्यातच होतो, तर मग तुमचं मेण हवेला मऊ पडतंय. बाहेर 45 अंश असताना 56–58 अंशांना वितळणारं मेण मायक्रोटोमवर टिकत नाही. 58–60 किंवा 60–62 चं पेलेट घ्या. वॅक्स बाथ वितळणबिंदूच्या 2 ते 4 अंश वर ठेवा, त्याहून जास्त नको. ज्यादा उष्णतेनं टिश्यू कडक होतो, इम्युनोचं, म्हणजे अँटिबॉडी लावून करायच्या तपासणीचं, काम असेल तर अँटिजनचंही नुकसान होतं, आणि पॉलिमरवाल्या मेणाची घडीही मोडते. मेण बदललं की फ्लोटेशन बाथही (सेक्शन उलगडायचं कोमट पाणी) थोडा वर घ्यावा लागेल, वितळणबिंदूच्या सुमारे 10 अंश खाली. हे बरेच जण विसरतात आणि सेक्शन उलगडत नाही म्हणून नव्या मेणाला शिव्या देतात. ब्लॉक बर्फावर उलटा ठेवून कापा, एका वेळी पाच-सहाच ब्लॉक बाहेर काढा. एम्बेडिंगनंतर कोल्ड प्लेटवर लवकर गार करा, स्फटिक आपोआप बारीक राहतात. हे सगळं मेणात काही न घालता होतं.

एम्बेडिंगसाठी मात्र वेगळं, जरा चिवट, पॉलिमरवालं मेण वापरायला हरकत नाही. अट एवढीच की ते मशीनमधल्या मेणापासून फार दूरचं नको. आतलं मऊ आणि बाहेरचं फार कडक झालं तर टिश्यू ब्लॉकमधून सुटून येतो. आणि एम्बेडिंग सेंटरमधलं उरलेलं, ट्रेमध्ये सांडलेलं मेण परत मशीनच्या टाकीत ओतायचं नाही. ही सवय फार लॅबमध्ये आहे. पॉलिमरवालं मेण घेतलंत तर डीवॅक्सिंगला, म्हणजे स्लाइडवरचं मेण काढायला, झायलीनमध्ये वेळ थोडा वाढवा, नाही तर स्लाइडवर डाग डाग रंग उठतो आणि दोष हिमॅटॉक्सिलिन या रंगावर जातो.

कुठलंही नवं मेण आणलंत तर मशीनआधी ते एका काचेच्या परीक्षानळीत घाला. मशीनच्याच तापमानाला ओव्हनमध्ये दोन रात्री उभं ठेवा, हलवू नका. तिसऱ्या दिवशी उजेडासमोर धरा. काचेसारखं स्वच्छ, एकजीव दिसलं तर ठीक. तळाशी धूसर पट्टा, रेष किंवा दाणे दिसले तर ते मेण मशीनसाठी नाही. मग पेशंटच्या नमुन्यावर न जाता, रिपोर्ट सुटून मुदत संपलेल्या उरलेल्या टिश्यूतून फायब्रॉइड, चरबीवाला स्तन, टॉन्सिल असे तुकडे घ्या आणि जुन्या-नव्या मेणात जोडीनं चालवा. दोन्ही स्लाइड पॅथॉलॉजिस्टना कोणती कुठली ते न सांगता दाखवा. लॅबला एनएबीएलची मान्यता असेल तर मेणाचा लॉट नंबर आणि हा निकाल रजिस्टरमध्ये हवाच. नसेल तरी ठेवा. मशीनवाल्या कंपनीला त्या मेणाचं नाव कळवून "चालेल" असं लेखी मागा. तोंडी "चालतंय हो" वॉरंटीच्या वेळी कोणाला आठवत नाही.

आता तुमच्या जुन्या बाथचं. त्यातलं मेण काढून टाका. गरम असतानाच डब्यात ओता, गार झाल्यावर लेबल लावा. त्यात झायलीन आहे, म्हणून ते रासायनिक कचऱ्यात, म्हणजे 2016 च्या नियमांप्रमाणे पिवळ्या वर्गात जाईल. सिंकमध्ये ओतू नका, पुढच्या वळणावर नळी भरते. दिवाळीच्या पणत्या करणारं कोणी मागायला आलं तरी देऊ नका. बाथ ताज्या साध्या पॅराफिननं एकदा धुवून घ्या, ते मेणही टाका, मग नवं भरा. मधल्या काळात त्या बाथमधून गेलेले ब्लॉक वाईट झालेले नाहीत, ते ठेवा. फक्त त्यांच्यावर इम्युनो लावायची वेळ आली तर डीवॅक्सिंगला जास्त वेळ द्या आणि कंट्रोल नीट बघा.

शिल्लक राहिलेलं मधमाशीचं मेण लॅबमध्ये ठेवू नका, कोणीतरी पुन्हा घालेल. गावातल्या चांभाराला किंवा शिंप्याला द्या, दोऱ्याला लावायला त्यांना ते हवंच असतं.